दावं न लावलेला लांडगा

मी चौतीस वर्षांची आहे. सोलापुरात चादरी-टॉवेलांच्या कारखान्यात नक्षीकाम करते, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वडिलांना घेऊन राहते आणि रोज सकाळी पावणेसहा ते सात कॉम्प्युटरवर एक खेळ खेळते. त्यात जादू आहे, राक्षस आहेत, ढालतलवारी आहेत. ज्यांना हसायचं आहे त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल.

हसणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या आत्याचा. "अगं, ह्या वयात बायका पोरांच्या शाळेचे डबे भरत्यात, आन् तू राक्षस मारतीस व्हय?" असं ती प्रत्येक लग्नकार्यात चार माणसांदेखत विचारते. मीही प्रत्येक वेळी "व्हय आत्या, काल तीन मारले," असं सांगते. तिचं तोंड बघण्यासारखं होतं. लपूनछपून खेळायला मी काही चोरी करत नाही. लोक सकाळी उठून टेकडीवर फिरायला जातात, मीही जाते. माझी टेकडी स्क्रीनवर आहे एवढंच.

खेळ असा आहे. जगभरची माणसं एकाच वेळी त्या जगात फिरत असतात. एकट्यानं फारसं काही जमत नाही, म्हणून लोक टोळ्या करतात. आमची टोळी सात जणांची, सगळी मराठी. दर रविवारी दुपारी आम्ही हेडफोन लावून एकत्र मोहिमेवर जायचो. कुणी कुणाचं खरं नाव विचारायचं नाही, गावावरून हाक मारायची, असा रिवाज पडला होता. म्होरक्या होता पुण्याचा, म्हणून तो पुणे. मी सोलापूर. "ए सोलापूर, मागं राहू नकोस," असं तो ओरडायचा. मी "लई घाई करू नका की," म्हटलं की हेडफोनमध्ये हशा पिकायचा. माझ्या बोलण्यावर हसतात हे मला कळत होतं. मी मुद्दाम दोनदा जास्त 'लई' म्हणायची.

त्या खेळात प्रत्येकाला एक जनावर सोबती म्हणून पाळता येतं. एकच. आणि ते निवडण्यावरून खेळणाऱ्यांचा जेवढा खल चालतो तेवढा आमच्याकडं सोयरीक जुळवतानाही चालत नाही. कुणाचा दात किती लांब, कुणाची झेप किती, कुणाच्या तोंडातून आग निघते, याचे तक्ते लोकांनी करून ठेवलेत. पुण्याकडं पांढरा वाघ होता. बाकीच्यांकडं पंखांचे घोडे, शिंगांची अस्वलं, असलं काहीबाही. माझी जागा बरेच दिवस रिकामी होती. "सोलापूर, तू चादरीवरचा मोर पाळ," असा सल्ला एकानं दिला. मोर मी कारखान्यात रोज आठ तास कॉम्प्युटरवर चौकोन-चौकोन भरत असते. घरी येऊन पुन्हा मोर नको होता.

एके सकाळी मी वाट चुकून त्या जगाच्या एका कोपऱ्यात गेले, जिथं कुणी जात नाही, कारण तिथं मिळण्यासारखं काही नाही. पिवळं पडलेलं गवत, मधूनमधून उघडे काळे दगड, एक वाळलेला ओढा, आणि वर नुसतं आभाळ. मी माउसवरचा हात काढून घेतला. हे सोलापूरजवळच्या वळसंगच्या पुढचं माळरान होतं. ज्या कुणी परदेशात बसून ते काढलं असेल त्याला वळसंग स्वप्नातही ठाऊक नसणार, पण गवत त्यानं बरोबर काढलं होतं. आमचं घर मेंढरंवाल्यांचं. बारा वर्षांची होईपर्यंत मी त्या गवतात आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागं चालले आहे.

आणि त्या गवतात एक लांडगा उभा होता. बारका, मातकट, बरगड्या दिसणारा, डावा कान टोकाला फाटलेला. तक्त्यांत तो शेवटून दुसरा होता. ताकद नाही, जादू नाही, दिसायला गावकुत्र्याहून थोडा बरा. मी ठरवलं, हाच.

मेंढरंवाल्याच्या पोरीनं लांडगा पाळायचा म्हणजे काय, हे मला कळत होतं. आमच्या घरात अंधार पडल्यावर त्याचं नावसुद्धा घेत नसत. 'त्यो' म्हणायचे. त्यो आला होता, त्यानं न्यायचं ते नेलं. कोकरू गेलं तर आप्पा शिव्या देत नसत. माळ त्याचाही आहे, त्याचा वाटा त्यानं नेला, एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी मेंढरांभोवतीच्या वाघराची जाळी आणखी घट्ट बांधायचे. मला लहानपणी त्याचा राग यायचा. आता इतक्या वर्षांनी तो समोर उभा होता आणि मला तो घरातल्या माणसासारखा ओळखीचा वाटला.

खेळात जनावर धरायच्या दोन रीती आहेत. पहिली सगळेच वापरतात: जनावराला मारून मारून अर्धमेलं करायचं, मग त्याच्यावर जाळं टाकायचं. पाच मिनिटांचं काम. दुसरी रीत कुणी वापरत नाही. हत्यार जमिनीवर ठेवायचं, जनावराच्या टप्प्यात जाऊन बसायचं, खायला ठेवायचं आणि काहीही करायचं नाही. जनावराच्या डोक्यावर एक पांढरी रेघ असते, विश्वासाची. ती रोज केसभर भरते. मध्येच तुम्ही हललात, हत्यार उचललंत, तर ती उतरते. पूर्ण भरायला दीड-दोन महिने लागतात. "त्याच्यापेक्षा खरा कुत्रा पाळ," पुणे म्हणाला.

खऱ्या कुत्र्याचंच तर शिक्षण होतं माझं. मेंढरांचं कुत्रं आमच्यात बाजारातून आणत नाहीत आणि बांधतही नाहीत. डोळे उघडलेलं पिल्लू कळपात आणून सोडायचं, मेंढीचं दूध पाजायचं, आणि हात आखडता घ्यायचा. त्याला कुरवाळायचं नाही, फार हाका मारायच्या नाहीत. राहिलं तर कळपाचं झालं. गेलं तर ते आपलं नव्हतंच. दावं लावलेलं कुत्रं दाव्याची राखण करतं, मेंढरांची न्हाय, असं आप्पा म्हणायचे. एकदा मी हौसेनं एका पिल्लाच्या गळ्यात लाल रिबिन बांधली होती. आप्पांनी ती कात्रीनं कापली आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

तर मी हत्यार खाली ठेवलं आणि बसले. रोज सकाळी पावणेसहाला, चहाचा कप घेऊन.

आठवडाभरानं आप्पा मागं येऊन उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी ते टेम्पोतून उतरताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. माळावर चालणं संपलं, तेव्हा त्यांनी कळप दुधनीकडच्या एका ओळखीच्या मेंढरंवाल्याला दिला आणि माझ्याकडं राहायला आले. तेव्हापासून ते बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून समोरच्या पाण्याच्या टाक्यांकडं बघत असतात. टीव्ही लावून दिला तर बंद करतात. खाली पारावर म्हातारी माणसं बसतात, तिथं जा म्हटलं तर "तितं काय हाय?" म्हणतात. माझ्या खेळाकडं त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"ह्यो त्योच हाय न्हवं?"

"व्हय."

"आन् तू त्याला खायाला घालतीस?"

"व्हय आप्पा."

त्यांच्या चेहऱ्यावरची शीर न् शीर ताठली. "माज्या हयातीत त्याला घरात घेतलंस," एवढं बोलून ते काठी टेकत बाल्कनीत गेले. दोन दिवस माझ्या हातची भाकरी त्यांनी खाल्ली, पण माझ्याशी शब्द नाही. मीही मागं हटले नाही. माझा हट्ट त्यांच्याकडूनच आलाय, मग त्यांनीच सोसायला नको का?

तिसऱ्या दिवशी मी बसले होते आणि रेघ भरण्याऐवजी उतरत होती. मी वैतागून मटणाचा मोठा तुकडा ठेवला. मागून आवाज आला.

"उपाशी न्हाय त्यो. भ्यालाय. तू लई जवळ बसलीस."

मी मागं सरकले.

"आन् त्याच्या डोळ्यात बघू नगंस. तिरकी बस. आपल्याला काय त्याची पडल्याली न्हाय, असं बस."

मी माझी स्क्रीनवरची बाई तिरकी केली, तोंड ओढ्याकडं. रेघ उतरायची थांबली. थोड्या वेळानं केसभर चढली. खेळाच्या तक्त्यांमध्ये हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला बाल्कनीतली खुर्ची माझ्या टेबलाजवळ आली होती.

तिथून पुढं दीड महिना आम्ही दोघं रोज सकाळी माळावर बसलो. चहा पीत, फारसं न बोलता. कधी ते सांगायचे की गवत ह्या रंगाचं झालं म्हणजे पंधरा दिवसांत पाणी संपणार. कधी विचारायचे, "हितं मेंढरं न्हाईत व्हय?" मी म्हणायची, असतील कुठंतरी. वारा कुठून वाहतो हे ते दर वेळी विचारायचे आणि खेळात वाऱ्याचा वासाशी संबंध नाही हे मी दर वेळी सांगायची. त्यांना ते पटलं नाही. तीन वर्षांत ते माझ्याशी इतकं बोलले नव्हते. मला रडू येईल असं वाटायचं आणि मी आणखी चहा ओतायची.

एके सकाळी रेघ भरली. लांडगा उठला, चार पावलं चालत आला आणि माझ्या बाईच्या बाजूला, पण हातभर अंतर ठेवून बसला. लगेच स्क्रीनवर एक चौकट उगवली: जनावर बांधायचं का? होय, की नंतर?

होय म्हटलं की त्याच्या गळ्यात पट्टा येतो, पट्ट्यावर तुमचं नाव येतं. मग ते तुम्ही सांगाल ते करतं, बस म्हणाल तिथं बसतं, आगीत जा म्हटलं तर जातं, मेलं तरी तुमच्या हाकेला परत उभं राहतं. 'नंतर' म्हटलं की ते त्याच्या मर्जीनं सोबत चालतं, कळ दाबून हाक मारली तर येतं, बाकी काही ऐकत नाही आणि एखाद्या दिवशी निघूनही जाऊ शकतं. जगात कुणी 'नंतर' दाबत नाही. ते बटण का ठेवलंय हाच प्रश्न आहे.

"काय इचारतंय ते?" आप्पांनी विचारलं.

"बांदायचं का म्हणून इचारतंय."

आप्पा माझ्या हाताकडं बघत राहिले. मी 'नंतर' दाबलं. त्यांनी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला आणि आंघोळीला गेले.

हे इथंच सांगायला हवं, नाहीतर त्यांची ती नजर कळायची नाही. कळप दिला त्या दिवशी मी रजा काढून माळावर गेले होते. घेणाऱ्यानं मेंढरं मोजून घेतली, मग आमच्या कुत्र्याकडं बोट केलं आणि साखळी काढली. आप्पा काठीवर उभे राहायला धडपडत होते, तरी त्यांचा आवाज चढला. "साकळी लावलीस तर कळप हितंच ठिव. ते मेंढरांचं हाय. त्याला वाटलं तर यील." माणूस समजूतदार निघाला, साखळी पिशवीत टाकली. कळप निघाला. कुत्रं आप्पांकडं आलं, वास घेतला आणि कळपाच्या मागं चालू लागलं. दहा वर्षं आप्पांच्या उशाशी झोपलेलं कुत्रं. मला त्याचा भयंकर राग आला. आप्पा मात्र सगळ्यांना सांगत होते, "बगा, कसं गेलं. अस्संच पायजे." छाती पुढं काढून सांगत होते. त्या दिवसापासून ते गप्प झाले ते झालेच.

लांडगा टोळीत आला तेव्हा पहिले दोन रविवार कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या रविवारी तो मोहीम सोडून सशामागं गेला.

"सोलापूर, तुझ्या कुत्र्याला पट्टा का नाही?" पुण्यानं विचारलं.

"कुत्रा नाही, लांडगा आहे. आणि मी बांधलेला नाही."

मग सगळे एकदम हसले. त्यांना वाटलं मला बटण सापडलं नाही. एकानं मोठ्या मायेनं मला कुठं दाबायचं ते समजावून सांगितलं, जसं काय मी रोज कॉम्प्युटरवर हजार चौकोन भरतच नाही.

"बटण कुठंय ते ठाऊक आहे मला. दाबायचं नाही, म्हणून दाबलं नाही."

"का पण?"

आता हे सहा माणसांना हेडफोनमधून कसं सांगायचं? मी म्हटलं, "आमच्यात बांधत नाहीत."

"आमच्यात म्हणजे?"

"मेंढरंवाल्यांच्यात."

ते पुढं आठवडाभर पुरलं त्यांना. पुण्यानं टोळीच्या फळ्यावर माझ्या नावापुढं मेंढीचं चित्र लावलं. मी ते काढा म्हटलं नाही. उलट कारखान्यातल्या सवयीनं बरं चित्र काढून त्याला पाठवलं, की लावायचंच तर हे लाव, तुझ्या मेंढीला मागचे पाय चुकीचे आहेत. शेवटी त्यानं निर्वाणीचं सांगितलं. पुढच्या रविवारी मोठी मोहीम आहे. बेभरवशाचं जनावर चालणार नाही. बांध नाहीतर सोड, नाहीतर टोळी सोड.

माझा जीव खालीवर झाला हे कबूल करते. त्या सात जणांत मी दोन वर्षं होते. हसले तरी रविवारी माझी वाट बघणारी ती माणसं होती, आणि अशी माणसं माझ्याकडं ढिगानं पडलेली नाहीत. सोमवार ते शनिवार रोज सकाळी मी त्या चौकटीपाशी जायची. लांडगा बाजूला बसलेला असायचा, हातभर लांब. बोट होयवर ठेवायची आणि मला ती लाल रिबिन आठवायची.

रविवार आला. मोहीम अशी होती की एका उठलेल्या गावाला खिंडीतून पलीकडं न्यायचं. बैलगाड्या, म्हातारी माणसं आणि भलामोठा कळप. शेळ्या-मेंढरं! आप्पांना मी हाक मारली, ते जेवणावरून तसेच उठून आले. हेडफोन काढून मी आवाज स्पीकरवर लावला. "भरपूर हायत की," ते म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढली. मग त्यांना एकदम लांडगा आठवला आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. तो मेंढरांचं काय करेल हे मलाही ठाऊक नव्हतं.

लांडगा कळपाकडं गेला. तो मेंढरांच्या कडेनं एक फेरी चालला, वास घेत, मग दुसरी. मग कळपाच्या मागच्या अंगाला गेला आणि तिथंच चालू लागला. कळप थांबला की तो थांबे. एक शेळी बाजूला फुटली, तो तिच्या पलीकडं जाऊन उभा राहिला आणि ती मुकाट्यानं आत आली.

"मागं हाय," आप्पा हळूच म्हणाले. "मागंच ऱ्हायलं पायजे. फुडं वाट असतीया, मागं धोका."

पहिल्या मुक्कामावर पुण्यानं पाहिलं. "सोलापूर, बांधलं नाहीस तू."

"नाही."

"सगळ्यांसमोर सांगतो. आत्ता बांध. मी तीन मोजतो."

आप्पांना सगळं ऐकू येत होतं. परक्या माणसानं आपल्या पोरीला तीन मोजून दाखवलेले त्यांनी ऐकले आणि ते माझ्याकडं बघत होते. मला जे वाटलं ते सांगते: मला अजिबात भीती वाटली नाही. बरं वाटलं. "मोजू नकोस, दमशील," मी म्हणाले. "बांधणार नाही."

त्यानं मला टोळीतून काढलं. आवाज तुटला. काढलेल्या माणसाला खेळ उचलून जवळच्या गावात नेऊन टाकतो, तसं मला टाकलं. बांधलेली जनावरं मालकासोबत येतात. माझं बांधलेलं नव्हतं. मी एकटीच त्या गावच्या वेशीत उभी होते.

"त्यो कुटं हाय?" आप्पांनी विचारलं.

"तितंच. कळपापाशी."

मी डोंगराच्या अंगानं पळत सुटले. वीस मिनिटं लागली. खिंडीच्या वरच्या कड्यावर पोचले तेव्हा खाली सगळं दिसत होतं. दोन्ही बाजूंनी दरोडेखोर उतरले होते. पुण्याचा वाघ पुण्याच्या पायाशी होता, घोडे-अस्वलं आपापल्या मालकांपाशी, पट्टा असलेली सगळी पट्ट्याच्या टोकाला. गाड्यांपुढं जोराची लढाई चालली होती. कळपाच्या मागं कुणीच नव्हतं. एकटा फाटक्या कानाचा लांडगा होता आणि मागून येणाऱ्या एकेकाला तो थोपवत होता. अंगावर वार होते. त्याच्या जिवाची रेघ निम्म्याखाली आली होती, आणि बांधलेला नसल्यामुळं तो मेला तर मेला.

माझं बोट हाकेच्या कळीवर गेलं. ती दाबली की तो आला असता. माझा लांडगा वाचला असता, मागची बाजू उघडी पडली असती, कळप गेला असता आणि पुण्याची तीन आठवड्यांची तयारी मातीत गेली असती. माझ्या नावापुढं मेंढी लावणाऱ्याची! खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी लांडग्याच्या जिवापेक्षा हेच जास्त गोड वाटलं.

"हाक मारली तर ईल का त्यो?" आप्पांनी विचारलं.

"ईल."

ते स्क्रीनकडं बघतच म्हणाले, "मी शीळ घातली हुती."

"कवा?"

"कळप गेला तवा. तू टेम्पोकडं गेली हुतीस. वड्यापत्तूर गेलं कुत्रं, मला ऱ्हावलं न्हाय. घातली शीळ. ते थांबलं. माज्याकडं बगितलं, मेंढरांकडं बगितलं. कळप फुडं चालला आन् ते मदीच हुबं. लई येळ हुबं हुतं. मग गेलं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "जायाचं दुख न्हाय गं. त्याला हुबं केलं मी. दहा वरसं त्याला कदी असं हुबं केलं नव्हतं."

तीन वर्षं बाल्कनीत बसून हा माणूस पाण्याच्या टाक्या बघत नव्हता. मी कळीवरचं बोट उचललं. हात मांडीवर ठेवला, कारण टेबलावर ठेवला असता तर तो पुन्हा गेला असता.

आम्ही दोघं वरून बघत राहिलो. मी माझी तलवार तेवढी काढली आणि तिच्या टोकानं उचकटून कड्यावरून दगड ढकलले, जेवढे पोचतील तेवढे. खालच्यांना ते कुठून येतायत हे कळलं नाही. कळप हळूहळू खिंडीतून सरकला. शेवटची शेळी पलीकडं गेली. लांडगा खिंडीच्या तोंडाशी थोडा वेळ उभा राहिला, मग लंगडत झुडपात शिरला आणि दिसेनासा झाला. मोहीम फत्ते झाली म्हणून आभाळात रोषणाई उडाली.

अर्ध्या तासात पुण्याचा निरोप आला. मागची बाजू तुझ्या लांडग्यानं राखली, मानलं. परत ये, तुझी जागा आहे. फक्त त्याला शोधून पट्टा घाल, आता तो कामाचा आहे हे सिद्ध झालंय.

मी लिहिलं: "तुमचा वाघ सांभाळा. त्याला तुम्हाला सोडून जाता येत नाही, बिचाऱ्याला." आणि मेंढीचं चित्र जोडलं, मागचे पाय बरोबर असलेलं. त्या सहा जणांची मला आजही रविवारी दुपारी आठवण येते. येऊ दे. आठवण येते म्हणून माणूस चुकलेला असतो असं नाही.

सोमवारी सकाळी आम्ही माळावर गेलो. कुणी नव्हतं. मंगळवारी, बुधवारी नव्हतं. लोकांनी तक्त्यांत लिहून ठेवलंय की सुटलेलं जनावर बहुधा परत येत नाही, नवीन धरावं. मी नवीन धरलं नाही. आप्पा रोज खुर्ची आणून बसत होते.

गुरुवारी तो ओढ्यापलीकडं उभा होता. डावा कान टोकाला फाटलेला. मी ओरडलेच. मग त्याच्या डोक्यावरची रेघ पाहिली आणि थांबले. रेघ कोरी होती. जनावर सुटलं म्हणून खेळानं सगळं पुसून टाकलं होतं, तो दीड महिना, ती खिंड, सगळं.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"त्याला कायबी आठवत न्हाय आप्पा. पैल्यापासनं आलं."

आप्पा पुढं झुकून बराच वेळ बघत राहिले. लांडगा जागचा हलला नाही.

"मंग बस की," ते म्हणाले. "हत्यार खाली ठिव."

मी हत्यार खाली ठेवलं. माझ्या बाईचं तोंड ओढ्याकडं फिरवलं. शेजारी काहीतरी सरकल्याचा आवाज आला म्हणून पाहिलं, तर आप्पांनी स्वतःची खुर्ची फिरवून घेतली होती. लांडग्याच्या डोळ्यात नजर जाऊ नये म्हणून ते स्क्रीनकडं पाठमोरे, तिरके बसले होते.